जागच्या जागी पंढरपूर

आमच्या पुण्यात पूर्वी घरोघरी एक सायकल असे. ती जिन्याखाली उभी असे, तिला महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला असे, आणि रात्री दिवा नसला किंवा कॅरियरवर मित्र बसलेला असला म्हणजे चौकातल्या पोलिसाशी तिची गाठ ठरलेली असे. हल्लीही पुष्कळ घरांत एक सायकल असते. परंतु ती दिवाणखान्यात किंवा गॅलरीत असते, कोठेही जात नाही, आणि तिच्यावर टॉवेल वाळत असतात. मी जेथे जेथे बसायला जातो तेथे ही सायकल न्याहाळून पाहण्याची मला सवयच लागली आहे. एका घरी तिच्या हँडलला तीन छत्र्या होत्या. दुसऱ्या घरी गणपतीच्या आराशीतील दिव्यांची माळ तिच्याभोवती गुंडाळून ठेवली होती व ती पुढल्या भाद्रपदापर्यंत तेथेच राहणार हे उघड दिसत होते. यजमानांना विचारावे, तर ते जरासे ओशाळून हसतात आणि म्हणतात, "घेतली तेव्हा फार उत्साह होता हो!"

उत्साह! सगळे खापर या एका शब्दावर फुटते. उत्साह होता तोवर सायकल चालली, उत्साह संपला, सायकल थांबली; म्हणजे मनुष्य आळशी. मला हे निदान पटत नाही, आणि न पटण्याचा मला थोडासा अधिकार आहे असे मी समजतो. कारण गेली काही वर्षे आठवड्यातून पाच दिवस मी असल्या सायकलवर अर्धा-अर्धा तास बसत आलो आहे, आणि माझ्या अंगात उत्साह म्हणून जो काही आहे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा तसूभरही जास्त नाही.

बसण्यावाचून गत्यंतरच नव्हते. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला व तेथे स्टेंट नावाची बारीक जाळीची नळी बसवण्यात आली. माझे वडील १९८४ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, स्वारगेटच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट पाहता पाहता गेले. छातीत दुखते म्हणून तपासून घ्यावे ही चाल त्या वेळी आमच्यासारख्या घरांत नव्हती. मी त्यांच्या वयाच्या पुढे आलो आहे तो औषधांच्या आणि त्या नळीच्या कृपेने. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "नळीनं एका जागेचं काम केलं आहे. बाकीच्या जागा तुम्ही सांभाळायच्या. आठवड्याला दीडशे मिनिटं." जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढ माणसाला मध्यम श्रमाची निदान एवढीच मिनिटे नेमून दिली आहेत. चालावे, तर माझे गुडघे विरुद्ध. रस्त्यावर सायकल चालवावी, तर पुण्याची रहदारी विरुद्ध. तेव्हा गॅलरीतली सायकल.

आता गंमत पाहा. बँकेत नोकरीला असताना पर्वतीच्या पायथ्यापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत मी बावीस वर्षे सायकलने गेलो. तेवढ्या काळात एकाही माणसाने मला, "तुमचा उत्साह टिकतो कसा?" असे विचारले नाही. सकाळी मस्टरवर सही करायची असे म्हणून मी टांग मारीत असे. वाटेत वारा लागे, ओळखीचे लोक भेटत, उतार आला की पाय आपोआप थांबत, आणि शेवटी मी कोठे तरी पोचत असे. गॅलरीतल्या सायकलने यातील एकूण एक गोष्ट काढून घेतली आहे आणि पॅडल तेवढे शिल्लक ठेवले आहे. मग माणूस कंटाळला तर त्यात नवल ते काय? माझी सारी युक्ती एवढीच, की उत्साहाचा पाठलाग न करता या काढून घेतलेल्या गोष्टी एकेक करून परत आणायच्या.

पहिला वारा. हे ऐकून लोक हसतात, म्हणून जरा हिशेबच मांडतो. पॅडल मारताना शरीर जी शक्ती खर्च करते तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकाला मिळतो. बाकीची पाऊण उष्णता होऊन अंगात राहते. पायांनी शंभर वॅटचे काम करावे, तर तीनशे वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. म्हणजे जुन्या पद्धतीचे शंभराचे तीन दिवे सदऱ्याच्या आत लावून बसल्यासारखेच! रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटरने जाणाऱ्याचा घाम समोरचा वारा वाळवतो. गॅलरीत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. अंग तापले की ते निववण्यासाठी हृदयाला कातडीकडे जास्त रक्त पाठवावे लागते, तेवढ्याच कामाला ठोके अधिक पडतात, आणि दहाव्या मिनिटाला मन म्हणते, "पुरे आता." लोक ज्याला आळस म्हणतात त्यातला बराचसा भाग निव्वळ उकाड्याचा असतो. छताचा पंखा येथे फारसा कामाचा नाही. टेबलफॅन समोर, छातीच्या उंचीवर ठेवावा आणि शेजारी पाण्याचा तांब्या असावा. सायकलवर दहा-वीस हजार रुपये खर्च करणारे लोक या पंख्यासाठी का कचरतात हे मला कळलेले नाही.

वाऱ्याच्या खालोखाल खड्डे. थट्टा नाही. रस्त्यावर दर दोन मिनिटांनी खड्डा, गतिरोधक किंवा सिग्नल येतो आणि माणूस सीटवरून किंचित उठतो. घरच्या सायकलवर खड्डाच नसल्यामुळे तो अर्धा तास एकाच जागी रुतून बसतो, आणि मग बैठकीला रग लागून उतरतो. म्हणून मी दर पाच मिनिटांनी एक खड्डा आला असे समजून पंधरा-वीस फेरे उभ्याने मारतो. सीटची उंचीही एकदा नीट लावून घ्यावी: पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा थोडासाच वाकलेला राहतो. माझ्यासारख्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना याने फार बरे वाटते.

दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे सोबत. जागच्या जागी पाय मारण्याचे यंत्र आपल्याच काळातले आहे असे कोणी समजू नये. लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्सने १७९६ सालीच हातापायांनी फिरवायच्या अशा एका यंत्राचे पेटंट घेतले होते. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक बोटीवरही व्यायामशाळा होती आणि तीत अशा सायकली होत्या. त्यांच्यासमोर भिंतीवर एक मोठी तबकडी असे व तिच्यावर दोन काटे: एक तांबडा, एक निळा. दोघांनी शेजारी शेजारी बसावे आणि कोणाचा काटा पुढे जातो ते पाहावे! ती तबकडी करणाऱ्याला माणसाची पारख होती असे म्हटले पाहिजे.

कारण त्याच्या आधी, १८९८ साली, अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या सायकलच्या शौकिनाने शर्यतींच्या नोंदी तपासून असे दाखवले होते, की घड्याळाविरुद्ध एकटा पळणारा सर्वांत मंद असतो. सोबतीला कोणी असले की तोच माणूस वेगाने जातो. मग त्याने चाळीस मुलांना मासे धरण्याच्या गळाची चरखी फिरवायला दिली, कधी एकेकट्याने, कधी जोडीने. निम्म्या मुलांचा वेग जोडीने वाढला. काहींवर मात्र परिणाम झाला नाही, आणि काही तर चढाओढीने इतकी गडबडली की मंदच पडली. लोक हा दुसरा भाग सांगायला विसरतात.

माझी तबकडी म्हणजे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. आमच्या दोघांच्या गॅलऱ्या एकमेकींना लागून आहेत, मध्ये फक्त लोखंडी कठडा. मास्तरांना मधुमेह; त्यांच्याकडेही सायकल होती. आम्ही दोघांनी सायकली कठड्यापाशी आणून उभ्या केल्या आणि सकाळी पावणेसातची वेळ ठरवली. आमच्यात शर्यत नाही. वयही तसे नाही आणि स्वभावही. परंतु पावणेसातला पलीकडून खाकरल्याचा आवाज आला, की अंथरुणात पडून राहणे जड जाते. एखाद्या दिवशी मला दोन मिनिटे उशीर झाला तर ते म्हणतात, "बँकवाले, काउंटर उघडलं नाही अजून?" बावीस वर्षे मस्टरने जे काम केले ते आता हे एक वाक्य करते. मास्तरांनी कागदपत्रांच्या दुकानातून तारखेचा रबरी शिक्का आणला आहे. फेरी पुरी झाली की ते कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात शिक्का मारतात, तोही असा ठासून, की मागल्या महिन्याच्या पानावर उमटावा. माझा शिक्काही तेच मारतात. मला हात लावू देत नाहीत.

आता तिसरी आणि सर्वांत मोठी उणीव: कोठे तरी पोचणे. हल्लीची तरुण मंडळी पडद्यावर डोंगर-दऱ्यांचे रस्ते पाहत सायकल मारतात, आणि चढ आला की यंत्र आपोआप जड होते. उत्तम सोय आहे. ज्यांना परवडते त्यांनी जरूर करावी. मी गॅलरीच्या भिंतीवर एक नकाशा लावला आहे. त्यावर आळंदी ते पंढरपूर हा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मार्ग तांबड्या शाईने काढला आहे: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. सायकलच्या तबकडीवर अर्ध्या तासाला आठ किलोमीटर पडतात, म्हणजे आठवड्याला चाळीस. सहा-सात आठवड्यांत पंढरपूर. टाचणी रोज पुढे सरकते.

हे किलोमीटर खरे नव्हेत हे मला ठाऊक आहे. त्या तबकडीला माझे वजन माहीत नाही की चक्रीवर ताण किती आहे याची फिकीर नाही. आणि तिच्यावरचे कॅलरीचे आकडे तर मी निव्वळ मनोरंजनाचे समजतो. त्यांच्या भरवशावर कोणी जादा करंजी खाऊ नये. परंतु टाचणीची मौज काही निराळीच आहे. दिवेघाट आला की मी चक्री दोन आटे पिळतो. ते तीन दिवस खरोखरच जिवावर येतात, आणि मास्तर कठड्यापलीकडून "घाटाचा राजा!" म्हणून ओरडतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला देतात तो किताब! नीरा नदी ओलांडली त्या दिवशी सौ.ने चहाबरोबर गुळाचा खडा दिला. चांदोबाच्या लिंबापाशी वारीचे पहिले उभे रिंगण होते, म्हणून तेथे आम्ही दोघांनी शेवटची दोन मिनिटे जोर केला. गॅलरीत बसून हे सगळे पोरकट दिसत असेल. दिसो बापडे.

आणि जागच्या जागी पॅडल मारून आमच्यापेक्षा फार लांब गेलेली माणसे आहेत. १९७९ साली स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून आपल्याकडे केवढी घबराट उडाली होती ते वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. त्या स्कायलॅबमध्ये १९७३ साली एक सायकल होती. वजनरहित अवस्थेत स्नायू आणि हृदय झिजू नये म्हणून अंतराळवीर तीवर बसत. पहिल्या तुकडीला रोज अर्धा तास व्यायाम ठरवून दिला होता, दुसरीला एक तास, तिसरीला दीड तास; कारण मुक्काम २८ दिवसांवरून ५९ आणि मग ८४ दिवसांवर गेला होता. स्कायलॅब साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घाली. म्हणजे तिसऱ्या तुकडीतल्या गड्याने आपला दीड तास सलग भरला, तर सीटवर बसल्या बसल्या त्याची जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा झाली!

कानांविषयी थोडेसे. १९११ साली लेनर्ड आयर्स नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीचे टिपण प्रसिद्ध केले. बँड वाजत असताना स्वार ताशी साडेएकोणीस मैलांच्या पुढे जात आणि बँड थांबला की अठराच्या आत येत. व्यायामाच्या वेळी मिनिटाला १२० ते १४० मात्रांची लय बरी, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. प्रत्येक मात्रेला एक पाय खाली, म्हणजे मिनिटाला साठ-सत्तर फेरे झाले. आमच्या वयाला हे ठीक जमते. मी नाट्यसंगीताचा जुना भक्त, परंतु सायकलवर त्याचा उपयोग नाही. तान सुरू झाली की ऐकता ऐकता पाय थांबतात. येथे भजनी ठेकाच पाहिजे. मृदंग आणि टाळ चढत चढत जातात तसे पाय त्यांच्या मागे धावतात, आणि वाटही पंढरीचीच असल्यामुळे कोणाची हरकत नाही.

किती जोर करावा, हा प्रश्न माझ्यासारख्यांना नाजूक असतो. नाडी पाहा, अमुक ठोके झाले की थांबा, असे सांगतात. परंतु माझ्या गोळ्यांत ठोके आवरून धरणारी एक गोळी आहे, त्यामुळे नाडीवर भरवसा ठेवता येत नाही. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने याला फार सुरेख तोड काढली आहे. त्याने श्रमाची एक मोजपट्टी केली, ६ पासून २० पर्यंत. ६ म्हणजे स्वस्थ बसणे, १३ म्हणजे थोडे जड, २० म्हणजे जिवाच्या करारावर. आकडे असे विचित्र का? तर त्यांना दहाने गुणले की तरुण, निरोगी माणसाचे ठोके अदमासे निघतात. मला गुणाकार वर्ज्य, मी नुसते स्वतःला विचारतो, "किती?" बारा-तेरा उत्तर आले की ठीक. मास्तरांशी वाक्य पुरे बोलता येते, पण अभंग म्हणता येत नाही, तीच ही पायरी. चौदाच्या वर माझ्या डॉक्टरांची परवानगी नाही. ज्यांना छातीचे दुखणे आहे त्यांनी आपापला आकडा आपापल्या डॉक्टरांकडून घ्यावा, आणि छातीत किंवा जबड्यात काही निराळे वाटले तर त्याच क्षणी उतरावे, टाचणी कोठेही असो.

जपानी लोकांचा एक प्रकार तरुणांत फार प्रिय आहे: वीस सेकंद सगळा जोर, दहा सेकंद विसावा, असे सात-आठ वेळा. इझुमी ताबाता यांनी १९९६ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ पद्धत तेथील बर्फावरच्या स्केटिंग संघाच्या शिक्षकाची, आणि प्रयोग अशाच जागच्या सायकलवर केलेला. आमच्यासारख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यातले फक्त तुकडे पाडणे मी उचलले आहे. दोन मिनिटे हलके, एक मिनिट चक्री पिळून. अर्धा तास हा डोंगर वाटतो. तीन मिनिटांचे दहा तुकडे मोजता मोजता संपतात.

आमच्या सौ.ला यातले काहीही लागत नाही. ती माझ्यानंतर वीस मिनिटे बसते, तबकडीवर पंचा टाकून. नकाशाकडे ती पाहत नाही, मास्तरांशी तिला बोलायचे नसते. ट्रिपलेटच्या गडबडणाऱ्या मुलांपैकी ती असावी. एकदा मी तिला विचारले, "तुला कंटाळा येत नाही का?" ती म्हणाली, "अहो, दात घासायला कोणी उत्साह आणतं का? देवाचं झालं की सायकल. त्यात विचार काय करायचा?"

तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे असे मला पुढे आढळले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरीव गोष्टीला जोडून एक नवी सवय लावायला सांगितली, आणि ती विनासायास होऊ लागायला किती दिवस लागतात ते पाहिले. २०१० साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सर्वसाधारणपणे ६६ दिवस. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे लोक सायकलवर टॉवेल टाकतात ते बहुधा दुसऱ्या महिन्यात, सवय दाराशी येऊन उभी असताना! त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटली: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही मोठा खंड पडत नाही.

आता हा दिवाळी अंक हातात घेऊन, शेजारी चकलीची बशी ठेवून बसलेल्या वाचकांसाठी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथरिन मिल्कमन यांनी २०१४ साली एक मोठा गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या ऐकायला दिल्या, पण अट अशी की त्या व्यायामशाळेतच ऐकायच्या. पुढे काय झाले हे कळण्यासाठी लोक व्यायामाला येऊ लागले. सुरुवातीला तर इतरांच्या मानाने निम्म्याहून अधिक वाढ झाली. मीही ही युक्ती केली आहे. रहस्यकथा मी फक्त सायकलवर ऐकतो, आणि खुनी सापडायच्या आत अर्धा तास संपला तर पुस्तक बंद. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या माणसाला ही शिक्षा लहान नाही. परंतु त्या प्रयोगाचा शेवट असा झाला, की नोव्हेंबरातल्या त्यांच्या मोठ्या सणाची सुट्टी आली, लोक घरोघरी गेले, आणि परत आल्यावर तो गुण जवळजवळ नाहीसा झाला.

आपला तो सण हाच. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आमच्या गॅलरीत पाहुण्यांच्या गाद्या असतात, सायकल कोपऱ्यात सरकते, आणि हँडलवर कोणाचा तरी शालू लटकतो. मास्तर नाशिकला लेकीकडे जातात. म्हणून आम्ही यंदा आधीच ठरवून टाकले आहे: लक्ष्मीपूजनाला सुट्टी, पाडव्याला गाद्या बाजूला करून फक्त दहा मिनिटे, बाराच्या आकड्याने, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पावणेसातला पूर्ववत. कार्तिकी एकादशीला वाखरी ओलांडून पंढरपुरात पोचायचे आहे. टाचणी वेळापूरच्या जरा पुढे आहे. चार-पाच बैठकांचे काम राहिले.

परवा निघण्यापूर्वी मास्तर कठड्यापाशी आले आणि रबरी शिक्का रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"पाडव्याचा तुम्ही मारा," ते म्हणाले, "पण चौकोनाच्या आत. आणि तारीख फिरवायला विसरू नका."